शिरा उमटलेली खाल

देऊळघाट,
शुक्रवार, सकाळ

प्रिय गुलनाज,

मंजुळाबाईंनी पिशवीतलं मटणाचं पुडकं बाहेर काढून तुझ्या अब्बांच्या दुकानाच्या ओट्यावर परत ठेवलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. गाव म्हणतं, मी ओरडलो तेव्हा बदललं. तसं नाही. ओरडत होतो तोवर मला फार मोकळं वाटत होतं. डोकं तापलं की मला नेहमीच मोकळं वाटतं, हे तुला माहीत आहे. पण शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या मंजुळाबाई, ज्या दर बाजाराला मेथीची शेवटची जुडी विकली की तुमच्याकडून मटण घेऊनच घरी जातात, त्यांनी ते पुडकं हळूच ठेवलं आणि म्हणाल्या, "राहू दे बा अकील, आज माहा उपास हाये, इसरूनच गेली होती मी." तुझ्या अब्बांनी नुसती मान हलवली. बाईने खोटं बोलून त्यांची लाज राखली आणि त्यांनी ते खोटं गिळून तिची राखली. मी मेंढ्याची खाल, म्हणजे सोललेलं कातडं, हातात धरून दोघांच्या मधोमध उभा होतो.

तुला हे सगळं फोनवर कळलंच असेल. डोणगावला तुझ्या खालाकडे, मावशीकडे, फोन गेला, तू रडलीस, डी.एड.च्या वर्गालाही गेली नाहीस, एवढं अम्मीच्या कानावर आलं आणि तिने ते मला जेवताना ऐकवलं, माझ्याकडे न बघता. मी फोन केला नाही. केला असता तर खालाने उचलला असता. तिला काय सांगणार होतो? मी नौशाद बोलतोय, हैदर चपलावाल्याचा पोरगा? ते नाव आता कुणाच्या दारात उच्चारण्यासारखं राहिलेलं नाही. म्हणून लिहितोय. उर्दू माझी कच्ची आहे, तू चुका काढत बसशील, म्हणून मराठीत. आणि खरं सांगू, आपण एसटीत भांडायचो ते मराठीतच. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मला हीच भाषा सुचते.

तुझ्या अम्मीच्या, फातिमाचाचींच्या पायांपासून सुरू करतो, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं. साखरेच्या दुखण्याने त्यांचे पाय सुजलेले, रबराची चप्पल घातली की पट्ट्याखाली जखम, आणि अनवाणी चाललं की टाचेत खडे. तू त्यांना हाताला धरून आमच्या दुकानात घेऊन आली होतीस. अब्बांनी माप घ्यायला फूटपट्टी घेतली नाही. सुतळीचा तुकडा पावलाभोवती सैल गुंडाळला, संध्याकाळी पुन्हा बोलावलं आणि पुन्हा गुंडाळला, कारण सूज दिवसभरात वाढते. मग मेंढ्याच्या खालेचा तुकडा काढला, लोकरीसकट कमावलेला, आणि लोकर आत करून चपला शिवल्या. चाचींनी पाय घातला आणि खाली वाकून बघत राहिल्या. मला वाटलं चावतेय. मग म्हणाल्या, "हैदरभाई, पाय ठेवला की नाही तेच कळेना मले." दुसऱ्या दिवशी त्या एकट्या, कुणाचा हात न धरता, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. तू दारात उभी राहून बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होतो. त्या दिवसापासून मी बघायचा थांबलोच नाही.

मग एसटीत तू मला छेडायचीस. उन्हाळ्यात लोकर म्हणजे पाय शिजतील की. मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, लोकरीचा प्रत्येक केस कुरळा असतो, त्या वळणांत हवा बसते, ती हवा थंडीत ऊब धरते आणि उन्हात बाहेरची धग आत येऊ देत नाही. घाम आला तर लोकर तो पिऊन टाकते आणि पाय कोरडा राहतो. शिवाय लोकरीत अंगचं तेल असतं, भेगाळलेल्या टाचा त्याने मऊ पडतात. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग मेंढरं उन्हात काऊन धापा टाकतात बे?" अख्खी गाडी हसली. कंडक्टरने तिकिटं फाडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी इतका चिडलो की पुढच्या थांब्यावर उतरून चालत कॉलेजला गेलो. तुला ते आठवतं का ठाऊक नाही. मला आठवतं, कारण चालताना रागाने लाल झालो होतो आणि तरी हसत होतो.

तू हसायचीस, पण आमच्या कामाला कधी नाक मुरडलं नाहीस. वर्गातली बाकीची पोरं माझ्या शर्टाला वास येतो म्हणायची. तू विचारायचीस, हे तुमच्या घरात आलं कुठून? मी तुला पणजोबांची गोष्ट सांगितली होती, पुन्हा सांगतो, कारण आता आमच्या घराबद्दल अभिमानाने सांगावं असं तेवढंच उरलंय. पूर्वी हिवाळ्यात हिंग विकणारे पठाण घाट चढून बुलडाण्याला यायचे. त्यांच्या अंगात मेंढ्याच्या खालेचे लांब कोट असायचे, लोकर आत आणि कातडं बाहेर. त्याला ते पोस्तीन म्हणायचे. पणजोबा तेव्हा साध्या वहाणा शिवायचे. एका पठाणाच्या कोटाची बाही उसवली, ती शिवून देताना त्यांनी आत हात घातला आणि तो हात बाहेर काढवेना, असं आमच्या घरात सांगतात. शिवणकामाचे पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी ही खाल लोकर न गळता कशी कमावतात, ते विचारून घेतलं. मीठ आणि तुरटी, उन्हात नाही तर सावलीत वाळवणं, आणि मऊ होईपर्यंत बोथट पात्यावर ओढत राहणं.

आपल्याकडची मेंढी काळी आणि लोकर राठ. पठाणाच्या कोटासारखा रेशमी माल इथे होत नाही. पणजोबांनी कातरणीनंतर बोटाच्या पेराएवढी लोकर वाढलेल्या खाला निवडायला सुरुवात केली. तेवढी असली की टोचत नाही. कोट कोण घेणार? म्हणून त्यांनी बिनबाह्यांची बंडी काढली. बुलडाण्याच्या गोऱ्या साहेबांनी घरात घालायच्या सपाता करून घेतल्या. साहेब गेले, बंडी राहिली. वीज रात्रीचीच मिळते, तेव्हा गव्हाला पाणी द्यायला जाणारी माणसं ती अंगात घालतात. पाठीवर मेंढरू बसल्यासारखी ऊब येते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांखाली अंथरायला अब्बा अख्खी खाल देतात, पाठीला जखमा होत नाहीत. अलीकडे मागणी घटली. कपाशीचं साल बिघडलं की माणूस बंडी नवी करत नाही, फाटकीला ठिगळ लावतो, आणि बाजारात फोमच्या चपला येऊन पडल्यात. तरी अब्बा म्हणतात, दुखरा पाय आमच्याच दारात येतो.

एवढं मोठं सांगायचो आणि तरी मला हेच काम करायचं नव्हतं. बी.एस्सी. करून मास्तर व्हायचं होतं, तुझ्यासारखं. मग तुझा नंबर डी.एड.ला लागला, तू डोणगावला खालाकडे राहायला गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो तर तुझ्या खिडकीशी एक म्हातारा कोंबडी घेऊन बसलेला. महिनाभर रेटलं. मग जाणं बंद केलं. घरी सांगितलं, मला अब्बांच्या कामात मदत करायची आहे. अम्मीला खरं वाटलं, अब्बांना नाही. तू जाताना मला बजावलं होतंस, आधी कॉलेज पुरं कर, मग काय बोलायचं ते बोल. मी नेमकं तेच सोडलं आणि बोलायला मात्र, तुला मागणी घालायला, अम्मीला पाठवलं. तू मला कधी हो म्हटलं नव्हतंस. हे मी अम्मीला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगत नव्हतो.

तुझ्या अब्बांनी अम्मीला चहा दिला, मानाने बसवलं आणि नाही म्हणाले. "भाभी, पोट्टं वाईट नाही. पण तो धरते ते सोडते. अन् तापला म्हणजे त्याले समोर कोण हाये ते दिसत नाही. माही पोरगी अशा माणसाजवळ कशी देऊ?" अम्मीने घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला, आणि वर म्हणाली की खोटं काय बोलले? मी ताट सारलं आणि उठलो. पुढचे दिवस दुकानात बसून मी त्या वाक्यांना उत्तरं तयार करत होतो. एकही उत्तर असं नव्हतं की ज्यात मी ओरडत नाही.

अशात अब्बा सोलांचं रबर आणायला खामगावला गेले. मागच्या खोलीत मीठ लावून ठेवलेल्या खालांचा नवा गठ्ठा होता, अकीलचाचांकडून आलेला. नेहमीच येतो. पलटायला म्हणून मी सोडला. गुलनाज, तू खाटकाची लेक आहेस, तुला समजावायला नको, पण मी त्या वेळी काय पाहिलं ते सांगितलंच पाहिजे. हलाल केलेल्या जनावराचं रक्त निघून गेलेलं असतं, त्याच्या खालेची मांसाकडची बाजू पांढुरकी, स्वच्छ दिसते. आपल्या आपण मेलेल्या जनावराचं रक्त आतच राहतं, आणि खालेवर शिरांचं काळपट लाल जाळं उमटतं. मिठानेही ते जात नाही. मी वरची खाल उलटली, जाळं. खालची उलटली, जाळं. गठ्ठ्यात एकही खाल स्वच्छ नव्हती.

त्यातून कळत एवढंच होतं, की ही मेंढरं मेलेली होती. मेलेल्या जनावराचं मांस हराम, पण त्याची खाल कमावली की पाक, म्हणजे शुद्ध, होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे, अब्बांनीच शिकवलंय. म्हणजे कुणी नुसत्या खाला घेतल्या असतील आणि मांस टाकून दिलं असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात येऊ शकत होता. आला नाही. मला तो येऊ द्यायचा नव्हता. मला तुझ्या अब्बांविरुद्ध काहीतरी सापडलं होतं, आणि त्याचा मला आनंद झाला.

बाजाराचा दिवस. दुकानासमोर गर्दी. मी खाल ओट्यावर आपटली, उलटी करून, आणि म्हणालो, "पाहा बाप्पा, या शिरा पाहा! मेलेलं जनावर हाये हे. खाल आमच्या घरी धाडली, मांस कुठं गेलं ते इचारा यायले!" तुझ्या अब्बांचा हात सुरीवर थांबला. ते रागावले नाहीत. माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मीच आजारी आहे. म्हणाले, "खाल उचल, नौशाद. घरी जाय. बापाले इचार." तेवढंच. त्यांनी मला खरं उत्तर दिलं होतं गं, पूर्ण आणि खरं. मला तो टोमणा वाटला. बापाला विचार, म्हणजे मी लहान पोर. मी अजून चढलो. "काऊन? तुमची बोलती बंद झाली काय? सांगा न लोकायले!" ते काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे कबुली, असं गर्दीने धरलं. कुणीतरी मागून म्हणालं, अरे, हैदरचं पोरगं हाये, खालेतलं त्याले कळते. माझ्या शब्दाला वजन होतं ते अब्बांच्या नावाचं, आणि मी ते तिथे फेकून दिलं. मग मंजुळाबाईंनी पुडकं परत ठेवलं.

त्यानंतरचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर माश्यांशिवाय कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी उघडलं नाही. ज्यांच्या घरी लग्नात तुझ्या अब्बांच्या हातचं मटण शिजलं, ते आता उलट्या आठवून सांगतात. फातिमाचाची बाहेर पडत नाहीत. पडल्या एकदाच, आमच्या घरी यायला. अम्मीने दार उघडलं तर उंबऱ्यावर त्या चपला ठेवलेल्या, धुतलेल्या, आतली लोकर विंचरलेली. चाची गल्लीतून परत चाललेल्या, अनवाणी, भिंतीला हात धरून, त्या सुजलेल्या पायांनी. अम्मी मागे धावली. मी धावलो नाही. मी आतल्या खोलीत, दाराच्या फटीतून बघत होतो. आणि अजून मला काही कळलेलं नव्हतं, हे लक्षात घे. तरी मी धावलो नाही, म्हणजे कुठेतरी कळलेलंच असणार.

अब्बा परत आले. स्टँडवरच त्यांना कुणी तरी सांगितलं असावं, कारण घरात येऊन त्यांनी काही विचारलं नाही. सोलांचं रबर कोपऱ्यात टाकलं, मला म्हणाले, चल. आम्ही चालत गावाबाहेर गेलो, वावरांच्या पलीकडे, जिथे शंकरभाऊ धनगराची मेंढरं बसलेली असतात. शंकरभाऊंना तू ओळखतेस, तुझ्या अब्बांना ते बरीच वर्षं मेंढरं देतात. कळप मला लहान दिसला. शंकरभाऊंनी घोंगडी झटकून बसायला दिली. त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, चूल पेटवली. अब्बा त्यांना म्हणाले, "शंकरभाऊ, माह्या पोराले सांगा, काय झालं ते." आणि स्वतः उठून दूर मेंढरांत जाऊन उभे राहिले.

त्यांनी सांगितलं. कपाशीची वेचणी संपली की शेतकरी त्यांना वावरात बोलावतात. मेंढरं उभी पऱ्हाटी, कपाशीची उरलेली झाडं, खातात, तिथेच बसतात, वावराला खत मिळतं आणि शंकरभाऊंना ज्वारी. बापाच्या काळापासूनची रीत. यंदा बीटी कपाशीच्या एका वावरात कळप घातला आणि दुसऱ्याच दिवसापासून मेंढरं पडायला लागली. तोंडाला फेस, मान टाकलेली. कुणी म्हणतं बीटीची पानं बाधली, कुणी म्हणतं पानं नाही, शेवटची फवारणी बाधली. जनावरांचे डॉक्टर आले, नमुने घेऊन गेले, उत्तर अजून आलेलं नाही. उरलेला कळप बरा आहे असं ते सांगून गेले. पण शंकरभाऊ म्हणाले, "बाजार डॉक्टरचं थोडीच ऐकते बाप्पा? विषाची मेंढरं म्हणून एकदा नाव पडलं की मंग कोन घेईन? कोन वावरात बसू देईन?" तेव्हा ते तुझ्या अब्बांकडे गेले. तुझे अब्बा सुरी आणि फावडं घेऊन आले. सगळ्या मेलेल्या मेंढरांच्या खाला स्वतः काढल्या, म्हणजे शंकरभाऊंच्या हातात निदान तेवढं तरी पडावं. मांस खोल खड्डा करून, चुना टाकून पुरलं. आणि खाला अब्बांकडे आणून सगळं खरं सांगितलं. अब्बांनी नेहमीच्या भावात घेतल्या. तिघांनी ठरवलं, ही गोष्ट इथेच ठेवायची.

शंकरभाऊंना बाजारात मी काय केलं ते माहीत नव्हतं. ते रानातच असतात. म्हणून ते माझ्यासमोर तुझ्या अब्बांचं कौतुक करत राहिले. म्हणाले, "अकीलभाऊसारखा माणूस नाही पाह्यला. खाल काढताना मी रडून राह्यलो होतो, तर मले म्हणे, तिकडं तोंड कर शंकर, तू पाहू नको." ते स्वतः कधी खालेची बंडी घालत नाहीत, ठाऊक आहे तुला? थंडीत घोंगडीच घेतात. ज्याच्या मागं जलमभर फिरलो त्याले अंगावर कसं घालू, म्हणतात. चांगुणाबाईंनी मेंढीच्या दुधाचा चहा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुहं कॉलेज कसं चालू हाये रे बाबू?" मी म्हणालो, बरं चालू आहे. चहा प्यालो. अजूनही त्या चहाची चव तोंडात आली की मी थुंकायला बाहेर जातो.

परत येताना मी अब्बांना म्हणालो, मग चाचांनी तिथेच का नाही सांगितलं? अब्बा थांबले. म्हणाले, "भर बाजारात? शंकरचं नाव घेऊन?" मग पुन्हा चालायला लागले. त्यानंतर अब्बा माझ्याशी बोललेले नाहीत.

मी तुझ्या अब्बांकडे गेलो होतो. माफी मागायला. दार त्यांनीच उघडलं. आत घेतलं, पाणी दिलं, मी पायाशी बसलो तर उठवून खाटेवर बसवलं. म्हणाले, झालं ते झालं. मी म्हणालो, मी बाजारात जाऊन खरं सांगतो. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. "शंकरचं नाव तोंडातून काढलं, तर मंग खरंच माफ नाही करणार तुले." आणि मशिदीच्या सदरांनी, कमिटीच्या अध्यक्षांनी, बोलावलंय, आज जुम्म्याच्या नमाजीनंतर गाव बसणार, दुकानाचं काय करायचं ते ठरवणार, हेही त्यांनीच सांगितलं. ते जाणार नाहीत. म्हणाले, मी खरं सांगू शकत नाही आणि खोटं सांगणार नाही, मग जाऊन काय करू? दुकान बंद करू. बुलडाण्याला कुणाच्या तरी दुकानात सुरी धरीन. हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की फातिमाचाची आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडल्या, तो आवाज मला ऐकू आला.

तर आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. आज नमाजीनंतर मी उभा राहणार आहे. सांगणार आहे की ती खाल अकीलचाचांकडून आलेलीच नव्हती. नाल्यात मरून पडलेल्या एका मेंढराची खाल मी काढून आणली आणि त्यांच्या नावावर खपवली, कारण कॉलेज सोडल्यावरून त्यांनी मला सुनावलं होतं आणि ते मला झोंबलं होतं. तुझं नाव येणार नाही, शंकरभाऊंचं येणार नाही. अब्बांना सांगितलेलं नाही. त्यांनी जाऊ दिलं नसतं, पण एकदा बोलून झालं की शंकरभाऊंसाठी ते मला खोडून काढणार नाहीत. लोक विश्वास ठेवतील, माझ्याबद्दल असं काहीही खरं वाटतं लोकांना. हे ठरवल्यावर माझ्या मनात क्षणभर आलं की मी किती मोठं काम करतोय, आणि त्या विचाराची मला बाजारातल्या ओरडण्याइतकीच लाज वाटली. भीती एकाच गोष्टीची आहे. संध्याकाळपर्यंत हे तुझ्या अब्बांच्या कानावर जाईल, आणि तुझे अब्बा गप्प बसणार नाहीत. स्वतःवरचा आळ त्यांनी सोसला, माझ्यावरचा सोसणार नाहीत. घरोघर जाऊन सांगतील, पोट्टं माह्यासाठी खोटं बोललं. मग लोक विचारतील, तर मग खाल कोणाची होती? आणि सगळं पुन्हा शंकरभाऊंच्या दारात जाईल. त्यांना फक्त तू थांबवू शकतेस, गुलनाज. फोन कर. शपथ घाल. रुसून बस. त्यांना म्हण, अब्बा, नौशाद तसाच आहे, तुम्ही ओळखलं होतं तसाच. हे म्हणणं तुला जड जाऊ नये. लोकांनी तुला विचारलं तरी हेच म्हण. तुझ्या वर्गातली राखी दुपारच्या गाडीने डोणगावला परत निघतेय, मशिदीच्या वाटेवर तिचं घर आहे, हे पाकीट तिच्या हातात देतो. वाचलंस की फाडून टाक. लिहितालिहिता दुपार झाली, अजान होईल आता. आत अब्बा वजूसाठी हातपाय धुतायत, पाण्याचा आवाज येतोय. त्यांच्या आधी पोहोचलं पाहिजे. पाकीट चिकटवतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
नौशाद